‘नाई आवडलं’

ऑक्टोबरात आमच्याकडे, बुलढाणा जिल्ह्यात, सोयाबीन सोंगणीला येतं आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन येतो. डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून राज्यभर हा दिवस साजरा होतो. बरीच मुलं वावरात गेलेली असतात. जी वर्गात असतात त्यांच्या हाती एकेक पुस्तक दिलं जातं, तास-दीड तास वाचन होतं आणि मग वाचलेल्या पुस्तकाचा अभिप्राय लिहायचा असतो. हे कागद मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे; आधी शिक्षिका म्हणून, आणि निवृत्तीनंतर खेड्यापाड्यांतल्या शाळांना पुस्तकं पोचवते म्हणून. चिखली असो, मेहकर असो की सिंदखेडराजा, कागदावरचा मजकूर बदलत नाही. मला हे पुस्तक खूप आवडले. लेखकाची भाषा सोपी आहे. या पुस्तकातून मला कळले की नेहमी खरे बोलावे. सर्वांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. खाली नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक.

त्या मुलाला पुस्तक आवडलं की नाही, हे या कागदावरून कधीच कळत नाही. तेच मूल मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट घेऊन ओट्यावर बसलं की ऐकावं.

“अबे, त्या भुताच्या पुस्तकात भूतच नाई. शेवटी म्हन्ते, सपन होतं.”

“मंग घेतलं कायले?”

“वरतं चित्र होतं ना भुताचं!”

तीन वाक्यांत सगळं आलं. मुखपृष्ठाने दिलेला शब्द आतल्या गोष्टीने पाळला नाही, शेवट लेखकाने पळवाट काढून केला, आणि पुढच्या वाचकाला इशाराही मिळाला. असा अभिप्राय लिहायला मोठ्या समीक्षकाला दोन पानं लागतील. तासाभरापूर्वी याच मुलाने याच पुस्तकाबद्दल ‘भाषा सोपी आहे’ असं लिहून दिलेलं असतं.

मुलांना मत नसतं, ते आपण घडवायचं असतं, असं पुष्कळ भल्या माणसांना वाटतं. मला ते मान्य नाही. मत असतंच. पुस्तक हातात घेतल्यापासून ते तयार व्हायला लागतं. अक्षर केवढं, पानं किती, चित्रं रंगीत की काळी, आधी कोणी नेलं होतं, त्याने ते किती दिवसांत परत आणलं, सगळं पाहिलं जातं. आपल्याकडे त्या मताला जागा नाही, एवढंच. अभिप्रायाच्या कागदावर एक ओळ छापलेली असते: ‘या पुस्तकातून मिळालेली शिकवण.’ ती ओळ भरायची म्हटली की मूल पुस्तक बाजूला ठेवतं आणि आपल्या चेहऱ्याकडे पाहतं. आपल्याला काय हवं आहे ते त्याला पहिलीपासून माहीत असतं.

मेहकरहून लोणारकडे जाताना आत वळल्यावर एक जिल्हा परिषदेची शाळा लागते. तिथल्या सातवीच्या वर्गात आम्ही ‘श्यामची आई’ वाचलं. घाई न करता, आठवड्यातून एक-दोन ‘रात्री’, म्हणजे त्या पुस्तकातली प्रकरणं. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं आणि १९३५ साली ते छापून आलं. तेव्हापासून आपण ते मुलांना देतो आहोत आणि ते वाचून मुलांचे डोळे भरून यावेत अशी वाट पाहतो आहोत. या वर्गात कोणी रडलं नाही. पहिली बोलली ती खिडकीशी बसणारी एक मुलगी.

“मॅडम, आंघोळ झाल्यावर श्याम मायच्या लुगड्यावर पाय ठेवते. पायाले माती लागू नये म्हनून. बराबर हाय. पन ते लुगडं धुवा कोनाले लागते?”

मुलं हसली. मग हसणं थांबलं, कारण चार-पाच मुलींना तो प्रश्न पटला होता. एकीने श्यामची बाजू घेतली, तो लहान होता म्हणाली. दुसरीने विचारलं, लहान म्हणजे किती? माझ्या भावाएवढा? तो तर स्वतःचा टावेल स्वतः वाळत घालतो. एका मुलाने सांगितलं की आईनेच लाडाने पसरलं होतं, मग त्यात श्यामचा काय गुन्हा. अर्धा तास हा वाद चालला. त्या प्रसंगातून मन स्वच्छ ठेवण्याची जी गोष्ट आई पुढे सांगते, तिथे वर्ग पोचायला बराच वेळ लागला. पण पोचला तेव्हा स्वतःच्या पायांनी पोचला होता. साने गुरुजींना ही मुलगी आवडली असती, असं मला मनापासून वाटतं. मुलांमध्ये बसून बोलणाऱ्या माणसाला मुलांचा प्रश्न कधी उद्धट वाटत नाही.

मग कर्जाच्या रात्री आल्या. श्यामच्या वडिलांवर कर्ज चढत जातं, सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, आईला नको ते बोलतो. आमचा जिल्हा कापूस-सोयाबीनचा, पावसावर चालणारा. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ याच मातीतून आली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीतली घरं या मुलांची घरं आहेत. ‘व्याज’ म्हणजे काय हे त्यांना गणिताच्या पुस्तकाआधी ओसरीवर समजलेलं असतं.

“श्यामच्या बाबानं पैशे टायमावर काऊन नाई देले?” एकाने विचारलं.

“अबे, पिकलं नाई तं कुठून देतीन?”

“कोकनात तं लय पानी पडते.”

“पानी लय पडलं तरी पीक जाते. आमचं नाई गेलं का मांगच्या साली?”

शेवटच्या ओळीतला एक मुलगा कधीच बोलायचा नाही. त्या दिवशी त्याने हात वर केला. म्हणाला, “सावकाराचा मानूस येते ना, तो धडा म्या दोनदा वाचला. बाकीचं पुस्तक नाई वाचलं.” शेजारच्याने लगेच टोकलं, “मंग तुले पुस्तक आवडलं का नाई?” त्याने विचार केला. “आवडलं नाई. पन तेवढं खरं हाय.”

हे उत्तर अभिप्रायाच्या कागदावर कुठे लिहायचं? आवडणं आणि खरं असणं यांत त्याने जो फरक केला तो करायला मोठ्यांना वाचनाची अनेक वर्षं घालवावी लागतात. शिकवणीच्या ओळीत त्याने नंतर काय लिहिलं तेही मी पाहिलं. ‘आईवर प्रेम करावे.’

लहान मुलं चित्रांबद्दल बोलतात तेव्हा तर फार शिकायला मिळतं. दुसरी-तिसरीच्या मुलांसमोर मी शेतकऱ्यावरचं एक चित्रांचं पुस्तक ठेवलं होतं. छपाई देखणी, कागद जाड. एका पानावर पेरणी चाललेली. हिरवे डोंगर, निळं आभाळ, पांढरे बैल, मागे तिफण आणि सगळ्यांच्या पुढे डोक्यावर टोपली घेतलेली हसरी बाई. मुलं त्या पानावर अडकली. एक पोरगा गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्याने त्या बाईवर बोट ठेवलं.

“हे बाई पुढं काऊन चालू राह्यली?”

मी विचारलं, कुठे चालायला हवी?

“मांगं. चाड्यावर मूठ कोन धरन? बी पडनच नाई.”

दुसऱ्याला बैलांची शिंगं खटकली होती. तिसरीला हसण्याचं नवल वाटत होतं. “पेरनीच्या दिवशी माही माय अशी हासतच नाई,” ती म्हणाली. “तवा बोलू बी देत नाई.” ज्याच्या घरी पेरणी होते त्यालाच कळावा असा तो राग होता. बी महाग, पाऊस पडून गेलेला, ओल टिकतेय की नाही याची धास्ती. त्या दिवशी कोण हसेल? चित्रकाराने शेताचं चित्र काढलं होतं, पण पेरणी पाहिलेली नव्हती, आणि आठ वर्षांच्या मुलांनी ते एका पानात पकडलं. ते पुस्तक मुलांसमोर छापण्याआधी ठेवलं असतं, तर ती बाई आज तिफणीच्या मागे असती.

लोणारच्या एका मुलीचीही अशीच तक्रार होती. विज्ञानाच्या एका पुस्तिकेत तिच्या गावाचं सरोवर होतं. उल्का बेसाल्टच्या खडकावर आदळून झालेला खळगा, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खारं अल्कधर्मी पाणी, २०२०च्या जूनमध्ये पाण्याला आलेला गुलाबी रंग, त्याच वर्षी मिळालेला रामसर पाणथळीचा दर्जा. माहिती बरोबर होती. ती म्हणाली, “सगळं लिहिलं, पन वासाचं लिहिलंच नाई. खाली उतरलं का पयले वास येते. लिहिनारा खाली उतरलाच नसन.” मी तिला म्हटलं, हेच लिहून दे. तिने कागद घेतला, खाली मान घालून लिहिलं आणि आणून दिलं. ‘सदर पुस्तक माहितीपूर्ण आहे.’ वास निघून गेला होता.

तेव्हापासून मी मुलांना सांगते, बोलता तसं लिहा. मले, तुले, काऊन, कायले, सगळं चालेल. याला काही शिक्षकांचा विरोध असतो. परीक्षेत प्रमाण मराठी लिहायची आहे, तिची सवय मोडेल, असं ते म्हणतात. त्यांची काळजी खरी आहे. आमच्या मुलांचे गुण भाषेवरूनच जातात. पण परीक्षा वर्षातून ठरावीक दिवशी असते. पुस्तकाविषयी बोलताना तरी मुलाने आपल्या तोंडची बोली वापरावी. वऱ्हाडीत लिहायला मोकळीक दिली की कागद पुरत नाहीत आणि ‘नाई आवडलं’ हे पहिल्यांदा कागदावर उतरतं. प्रमाण मराठीत ‘आवडले नाही’ लिहिणं त्यांना बाईंना उलट बोलल्यासारखं वाटतं.

जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तर प्रश्न आणखी पुढचा आहे. तिथल्या काही वस्त्यांवर निहाली बोलली जाते. भाषाशास्त्रज्ञांना ती अजून कुठल्याही भाषाकुळात बसवता आलेली नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार, आणि स्वतःची लिपी नाही. तिथल्या एका मुलाला मी अस्वलाची गोष्ट वाचताना पाहिलं. पानावर मराठीच्या दोन ओळी होत्या. त्याने त्या वाचल्या आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाला आपल्या भाषेत ते पान सांगायला लागला. सांगणं संपेना. हात वर गेले, नखं दाखवून झाली, झाडावर चढून झालं, धाकटा मागे सरकला. अस्वल त्यांच्या रानातलं, ओळखीचं. दोन ओळींत ते मावत नव्हतं. मला त्याचा एक शब्दही कळला नाही, पण पुस्तकात काय कमी पडलं आहे ते पुरतं कळलं.

एवढं सगळं मुलं सांगतात, आणि ते जातं कुठे? शाळेला येणारी पुस्तकं बहुतेक योजनेतून येतात, गठ्ठा बांधलेली, दुसरीकडे कोणी निवडलेली. ती साठा नोंदवहीत चढतात, शिक्के बसतात आणि कपाटात जातात. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर हिशेब द्यावा लागेल, या भीतीने कपाट उघडत नाही. मी हे कपटाने वागणाऱ्या माणसांबद्दल सांगत नाही. पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, निवडणुकीची कामं करायची, अशा शिक्षकाला कोरं राहिलेलं पुस्तक सुरक्षित वाटलं तर नवल नाही. पण कोऱ्या पुस्तकावर कुणाचंच मत नसतं. मुलाच्या हाताचे डाग पडलेलं, मधलं पान सुटलेलं, कडेला पेन्सिलीने ‘लय भारी’ लिहिलेलं पुस्तक हा मला शाळेचा खरा निकाल वाटतो. शाळेचा ग्रंथपाल जीव लावून काम करतो तेव्हा काय होतं, हे बुलढाण्याने पाहिलेलं आहे. भारत विद्यालयाचे ग्रंथपाल नरेंद्र लांजेवार स्वतः लिहिणारे, आणि मुलांच्या हाती पुस्तक पडावं यासाठी झटणारे होते. ते आज नाहीत. त्यांच्यासारखा माणूस प्रत्येक तालुक्याला हवा होता. आमचे तालुके तेरा आहेत.

आमच्या लहानपणी मुलांचं मत निदान पोस्टकार्डावर तरी जायचं. घरात ‘चांदोबा’ यायचा. त्यात दिलेल्या फोटोंना मथळे सुचवायची स्पर्धा असायची आणि आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो. १९७१ साली बालभारतीने ‘किशोर’ सुरू केलं, तेव्हा मुलांच्या मासिकांत एक नवा मोकळा सूर आला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर आमच्यातलाच एक झाला होता. तो किरकोळ अंगाचा होता, सायकलवर होता, आणि त्याचं धाडस आम्हाला उसनं वाटत नव्हतं. त्या पिढीतले चांगले लेखक मुलांचं ऐकत असले पाहिजेत. ऐकल्याशिवाय असं पात्र सुचत नाही. आजही माधुरी पुरंदऱ्यांची ‘यश’ची पुस्तकं किंवा ‘राधाचं घर’ लहान वर्गात ठेवली की मुलं त्यावर झडप घालतात, आणि कारण विचारलं तर सरळ सांगतात, “याच्यात घरातल्यासारखं बोलतेत.”

मुलाच्या मतावर पुस्तकाचं नशीब ठरल्याची एक गोष्ट मी शिक्षकांना आवर्जून सांगते. १९३६ साली लंडनच्या एका प्रकाशकाकडे ‘द हॉबिट’ नावाचं हस्तलिखित आलं. लेखक टोल्कीन, विद्यापीठातले प्राध्यापक. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांचं म्हणणं असं की मुलांचं पुस्तक मुलानेच पारखावं. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला दिलं आणि लेखी अभिप्रायाचा मोबदला म्हणून एक शिलिंग ठरवला. रेनरने गोष्ट थोडक्यात सांगितली, नकाशे आहेत तर चित्रांची गरज नाही असं मत दिलं, आणि हे पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल असं लिहिलं. स्वतः दहाचा! म्हणजे आपल्याहून लहानांसाठी. आमच्या सहावीतल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली, कारण तीही असंच म्हणतात. “चांगलं हाय, पन चौथीवाल्याइले द्या.” पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं आणि पुढे जगभर गेलं. मला त्यातला शिलिंग फार महत्त्वाचा वाटतो. मुलाच्या मताला किंमत आहे हे बापाने बोलून दाखवलं नाही, मोजून दिलं.

फ्रान्समध्ये १९८८पासून शाळेतली मुलं एका पुरस्कारासाठी मत देतात. निवडलेली सगळी पुस्तकं वाचीन आणि माझं मत मीच बनवीन, असं मुलाने आधी कबूल करायचं असतं. जर्मनीत बाल-किशोर साहित्याच्या राष्ट्रीय पुरस्कारात २००३पासून मुलामुलींचं वेगळं परीक्षक मंडळ आहे. आपल्याकडे साहित्य अकादमी २०१०पासून बालसाहित्याला पुरस्कार देते. मराठीत पहिल्या वर्षी अनिल अवचटांचं ‘सृष्टीत... गोष्टीत’, पुढच्या वर्षी दिलीप प्रभावळकरांचं ‘बोक्या सातबंडे’, अलीकडे २०२४ साली भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’. चांगली निवड आहे. पण निवडणारे सगळे मोठे. त्या मंडळात चार मुलं बसवली तर काय बिघडेल? शासनाने महावाचन उत्सव सुरू केला, मुलांनी वाचलेल्या पुस्तकावर लिहावं असं त्यात आहे, लाखो मुलं लिहितात. त्या लिखाणातून पुढच्या वर्षीची खरेदी ठरली, तर तो उत्सव मुलांचा होईल.

यावर नेहमी एक आक्षेप येतो. मुलांवर सोपवलं तर ती भुतं, विनोद आणि कार्टून यांच्यापलीकडे जाणार नाहीत. सुरुवातीला असंच होतं, हे मी नाकारत नाही. पहिल्या महिन्यात भुतांची पुस्तकं कपाटात टिकत नाहीत. मग भुतांतही डावं-उजवं सुरू होतं. या भुताची भीती वाटली, त्याची नाही. का नाही, तर तो लेखक आधीच सगळं सांगून टाकतो. असं म्हणणारं मूल गोष्ट कशी रचतात हे शिकलेलं असतं आणि त्याला पुढचं, अवघड पुस्तक द्यायची वेळ आलेली असते. ती पायरी गाळून थेट थोरांच्या चरित्रांवर नेलं की मूल पान नऊवर थांबतं. आमच्याकडच्या कितीतरी चरित्रांत पान आठ-नऊच्या पुढे कागद करकरीत आहे. अर्धवट सोडलेलं पुस्तक हाही अभिप्रायच आहे. डॅनिएल पेनाक नावाच्या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहिले, त्यांत पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क आहे. मी तो वर्गात जाहीर केला तेव्हा एका मुलीने विचारलं, “पाठ्यपुस्तकाले बी हाय का?” त्याला मात्र मला नाही म्हणावं लागलं.

मतामागे ताकद हवी, नुसतं विचारून भागत नाही, हे मला मुलांनीच शिकवलं. आमच्याकडे खरेदीची रक्कम लहान असते. गावातले दोन दुकानदार, एखादी नोकरीला लागलेली माजी विद्यार्थिनी, कोणी आजोबांच्या स्मरणार्थ दिलेले पैसे. आता ही खरेदी मुलंच करतात. यादी आधी वर्गात होते आणि खरेदी होते १२ जानेवारीला सिंदखेडराजात. जिजाऊंच्या जन्मदिवशी तिथे माणसांचा पूर लोटतो. लखुजी जाधवांच्या राजवाड्यापाशी पहाटेपासून रांगा लागतात, आणि पुस्तकांची दुकानं इतकी की बघून होत नाहीत. भाकरी बांधून आलेली माणसं परतताना पिशवीत पुस्तक नेतात. आमच्या जिल्ह्याची ही गोष्ट मला फार अभिमानाची वाटते.

गेल्या खेपेला आमच्यासोबत दहा-बारा मुलं होती. विक्रेते मुलांना बघून चकचकीत संच पुढे करत होते. मुलांनी तिथेच उभं राहून पहिली दोन पानं वाचायची, असं ठरलेलं. एका दुकानात जिजाऊंवरचं मुलांसाठीचं पुस्तक होतं. मुखपृष्ठ सुंदर, किंमतही परवडणारी. एका मुलीने ते उघडलं, बराच वेळ चाळलं आणि परत ठेवलं. विक्रेते चकित झाले. आजच्या दिवशी, या गावात, हे पुस्तक नको?

“काका, मले जिजाऊ लहानपनी कशा होत्या ते पाह्यजे होतं. इथल्याच ना त्या? मंग इथं खेळल्या असतीन, पडल्या असतीन. याच्यात तं पयल्याच पानावर लगीन हाय.”

बाजूच्या मुलाने भर घातली. अक्षर बारीक आहे, आणि वाड्याचं चित्र आहे ते या वाड्याचं नाही. हा काय समोर आहे वाडा, बघा की. एका मोठ्या मुलीला मात्र ते पुस्तक घ्यायचं होतं. पुढचा भाग चांगला आहे, तिने मधून वाचून पाहिलं होतं. दुकानासमोरच वाद सुरू झाला. मागची माणसं खोळंबली, तरी कोणी रागावलं नाही. दोन आजीबाई तर ऐकायला थांबल्या. शेवटी मुलांनी हात वर करून मतं घेतली, ते पुस्तक राहिलं आणि त्या पैशांत क्रिकेटवरचं एक आणि पक्ष्यांवरचं एक आलं. मोठी मुलगी रुसली. पुढच्या वर्षी मी यादी करणार, म्हणाली.

पैसे घेता घेता विक्रेत्यांनी गल्ल्याखालची वही काढली. “पोरी, ते लहानपणाचं काय म्हणत होतीस, पुन्हा सांग. प्रकाशकाला कळवतो.” तिने पुन्हा सांगितलं, या खेपेला जरा सावकाश, आणि ते लिहून घेत राहिले. वाड्याच्या चित्राचंही लिहा, मागून तो मुलगा ओरडला.